टॅपेट कव्हर आणि मामाजींचा शेवटचा हात

आमच्या सासरच्या मोटारीला सिलिंडर चार आणि मालक तीन. सिलिंडर बिचारे मुकाट्याने आपापलं काम करत. मालकांचं मात्र काही विचारू नका.

पहिले मालक मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी धानाचे मोठे शेतकरी, मोटारीत पुढच्या सीटवर बसायचे ते. दुसरे मालक भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गाडी ते चालवत. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर त्यांनी एका ट्रकवर अडीच महिने क्लीनरकी केली होती आणि तेवढ्या शिदोरीवर ते जन्मभर इंजिनियर म्हणून मिरवले. तिसरे मालक आमचे हे. ह्यांच्याकडे गाडी ढकलायचं खातं होतं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. पवनीच्या रस्त्याला, भंडाऱ्याहून पंधरा-सोळा मैलांवर आमचं गाव. गावात मोटार एकच, ती आमची. एका राइस मिलवाल्याने वापरून वापरून कंटाळून विकलेली. डावीकडे वळली की तिचा भोंगा आपोआप वाजायचा आणि उजवीकडे वळताना वाजायचाच नाही, तेव्हा भासरे खिडकीतून तोंड काढून ओरडायचे. गाडी घरी आली त्या दिवशी मामाजींनी बंपरवर नारळ आपटला. नारळ फुटला नाही, बंपर वाकला. तरी दर दसऱ्याला त्या वाकड्या बंपरची पूजा व्हायची, मोटारीला लोक नमस्कार करायचे, तिच्याशी मामाजी बोलायचेसुद्धा. माझ्याशी नाही.

हे नीट सांगायला पाहिजे. आमच्या घरात सून सासऱ्याशी आणि भासऱ्याशी बोलत नसे. नसे म्हणजे नसेच. 'हो' नाही, 'नाही' नाही. घराला आग लागली तरी 'आग' म्हणायची सोय नाही. डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. काही सांगायचं झालं तर हळूच आत्याबाईंच्या कानात सांगायचं, मग त्या मोठ्याने सांगणार. मामाजी चार हात अंतरावर बसलेले असायचे, त्यांना माझी कुजबुज चांगली ऐकू जायची, पण आत्याबाईंनी पुन्हा म्हणेपर्यंत ते आढ्याकडे बघत राहायचे. उत्तर द्यायचे तेही आत्याबाईंना. मी शेजारीच उभी. तीन वर्षं मी हा तमाशा केला. मी! आमच्या तुमसरच्या गल्लीत मला 'रेडिओ' म्हणायचे.

आत्याबाई निरोप पोचवताना थोडं पदरचं घालत. मी म्हणावं, 'भाजीला मीठ नाही, बाजारातून आणा म्हणावं.' त्यांनी म्हणावं, "मीठ संपलं. दोन दिवसापासून सांगून राहिली ते. कान आहेत का नुसती भोकं?" सगळा माझ्या नावावर जमा.

माझा बाप तुमसरला राइस मिलमध्ये फिटर. आमच्या शेजारच्या घरांत बिड्या वळायचं काम यायचं, आमच्या घरी पॅकिंग कापायचं. पॅकिंग म्हणजे लोखंडाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये बसवायची मऊ चकती किंवा पट्टी. ती नसली तर आतलं तेल, पाणी, वाफ जे काय असेल ते बाहेर येतं. मिलच्या इंजिनाची, पंपाची, नळ्यांची पॅकिंगं बाप घरी आणायचा आणि आई, मी, माझ्या बहिणी दुपारभर कापत बसायचो. लग्नात मी भरतकाम येतं म्हणून सांगितलं होतं. खरं येत होतं ते हेच.

तर लग्नाच्या आधी मी भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. आवाजाची परीक्षाही देऊन आले होते. सरकारने तीन वर्षं विचार केला आणि मग पत्र धाडलं. सोमवारी सकाळी दहा वाजता हजर व्हा, न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. ज्या घरात तोंड उघडायची चोरी, त्या घरी दिवसभर बोलायच्या नोकरीचं पत्र! मी ते तांदळाच्या डब्यात लपवलं आणि दिवसातून चारदा तांदूळ काढायच्या निमित्ताने वाचलं. मला ती नोकरी पाहिजे होती. त्यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नव्हतं, तो शब्द आमच्या गावापर्यंत आलाच नव्हता. मला फक्त बोलायचं होतं. नाहीतर मी फुटले असते.

आश्चर्य म्हणजे मामाजी तयार झाले. सून एक्सचेंजात बसली तर आपली लाइन लवकर लागेल, असं त्यांना वाटलं. आमच्याकडे टेलिफोन नव्हता, ती गोष्ट वेगळी. आठवडाभर मी भंडाऱ्याला मावशीकडे राहायचं आणि शनिवारी गावी यायचं असं ठरलं. पण पारावर कोणीतरी टोमणा मारला की आता पाटलाची सून यष्टीत लोंबकळत नोकरीला जाणार. मामाजी तडकले. सगळ्यांसमोर बोलून बसले, "माही सून जाईन तं घरच्या मोटारीनं जाईन. मोटार नाही तं नोकरी नाही!"

मोटार तेव्हा धडधाकट होती, म्हणून तोंडातून निघालं. पण निघालं ते निघालं. मामाजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि दगड म्हणजे त्यांचं डोकं.

हजर व्हायच्या आधीच्या शुक्रवारी मोटार पवनीच्या बाजाराला गेली आणि धुराने भरून परत आली. आतून मामाजी खोकत उतरले, मागून हे. भासरे शेवटपर्यंत स्टिअरिंगला धरून बसले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. बोनेट उघडलं. अर्धं गाव जमलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला तिथूनच कळलं.

इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याची एक लांबट टोपी असते, टॅपेट कव्हर. तिच्याखाली टॅपेट, म्हणजे लहान लोखंडी दट्टे, टकटक करत वरखाली होतात, आणि तिथे तेल उडत असतं. टोपी आणि इंजिन यांच्या मध्ये बुचाची पट्टी असते, तेच पॅकिंग. ती पट्टी वाळून कडक झाली होती. तेल बाहेर येऊन खालच्या सायलेन्सरच्या तापलेल्या नळावर पडत होतं, आणि त्याचा धूर. एवढंच. नवीन पॅकिंग टाकलं की काम फत्ते.

भासऱ्यांनी निदान केलं, "नट ढिल्ले झाले." टोपीवर दोन नट असतात, मधोमध. त्यांनी पाना लावला, पान्याला लोखंडी नळी लावली, एक पाय बंपरवर टेकवला आणि अंगातलं सगळं बळ काढून आवळले. मी आतून कळवळले. तो पातळ पत्रा आहे हो, विहिरीचा खांब नाही! मध्ये आवळला की कडा उचलतात. इंजिन सुरू केलं तर आधी दोन ठिकाणी गळत होतं, आता सहा ठिकाणी.

मी आत्याबाईंच्या कानाला लागले. "नट ढिले करा, कव्हर काढा, पॅकिंग बदला म्हणावं."

आत्याबाई ओसरीवर गेल्या. "अवो, ते म्हंते कव्हर काढा. आतमधी पॅकिंग मेलं तुमचं. आवळून आवळून कायले जीव काढता तिचा?"

मामाजींनी आढ्याकडे पाहिलं. भासरे आत्याबाईंना म्हणाले, "आई, बायकाइले काय समजते इंजिनातलं?"

पण कव्हर काढलं. जुनं पॅकिंग शिळ्या पापडासारखं मोडून हातात आलं. भंडाऱ्याला भासऱ्यांच्या ओळखीचं एक दुकान होतं, तिथे माणूस धाडला तर मालक लग्नाला गेलेला. झालं. शनिवारी सकाळी भासऱ्यांनी ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब आणली आणि कैचीने पट्टी कापायला बसले.

मी पुन्हा कानाला. "रबर नका लावू म्हणावं. तेलात फुगते ते."

"रबर फुगते म्हंते," आत्याबाईंनी जाहीर केलं. "तुमच्या डोस्क्यासारखं."

हे दुसरं वाक्य माझं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण भासऱ्यांनी ते माझंच धरलं आणि हट्टाने रबर बसवलं. इंजिन सुरू केलं, अर्धा तास बरं चाललं, भासरे मिशीला पीळ देऊन दाराच्या फटीकडे बघत राहिले. मग तापलेल्या तेलाने ट्यूब फुगली आणि टोपीच्या चारी बाजूंनी काळीकाळी जीभ बाहेर आली. पाठोपाठ तेल. पाठोपाठ धूर. पाठोपाठ भासऱ्यांच्या तोंडून असे शब्द की आत्याबाईंनी देव्हाऱ्याचं दार लोटलं.

आता मामाजी उठले. त्यांनी मोटारीला हात लावला नव्हता तोवर आशा होती.

"बयताड आहेत सारे," ते म्हणाले. "माह्या बापानं विहीर बांधली गूळ-चुन्यानं. पन्नास वर्सं झाली, थेंब पाझरला नाही. आणा गूळ."

मी डोक्याला हात लावला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि कोणाच्याच कानात काही सांगायची सोय राहिली नाही. मामाजींना निरोप जायचा, पण मामाजींनी काही करायचं ठरवल्यावर त्यांना निरोप पोचत नसे. घरातला चांगला शेरभर गूळ गेला. चुना मळला. टोपीच्या कडेला मामाजींनी स्वतःच्या हाताने थापला, थापीने घोटला, वाळू दिला. काम मात्र सुबक केलं होतं, विहिरीला शोभलं असतं.

इंजिन तापलं आणि गुळाचा पाक झाला. असा घमघमाट सुटला की चार घरांपलीकडून माणसं विचारायला आली, कोणाकडे पाहुणे आलेत म्हणून. एकजण बोनेटमध्ये डोकावून म्हणाला, "पाटीलबुवा, शेंगदाणे टाका, चिक्की होईन." मग पाक नळावर ओघळला, जळला, आणि पहिल्यापेक्षा काळा धूर निघाला. इंजिन थंड झालं तेव्हा कडुनिंबाच्या खोडापासून बोनेटपर्यंत मुंगळ्यांची रांग लागली होती. शनिवारी दुपारी आमची मोटार अशी उभी होती: टोपी वाकडी, पॅकिंग नाही, आणि मुंगळे आत-बाहेर करून राहिलेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. मला येत होतं! माझ्या हातात होतं ते काम, लहानपणापासून. आणि मी पदर ओढून दाराआड उभी, आणि ते तीन बाप्ये माझी नोकरी गुळात कालवत होते. सोमवारी दहा वाजता भंडाऱ्याला कोणीतरी यादीत दुसरं नाव वाचेल, ती बाई कानाला यंत्र लावून बसेल, आणि मी इथे मीठ संपलं म्हणून निरोप धाडत म्हातारी होईन.

आत्याबाई आत आल्या. "रडतं कायले?"

मी बाहेरच्या मोटारीकडे बोट दाखवलं.

"तुले येते काय ते?"

"येते."

"खरंच येते का आपलं म्हणून राहिली?"

"बुचाची शीट पायजे. आमच्या बाबाजवळ आहे. आणि तो पत्रा सरळ करा लागते."

त्यांनी पदर खोचला. मग बाहेर गेल्या, आणि या वेळी 'ते म्हंते' नव्हतं. सरळ म्हणाल्या, "लहाना आता तुमसरले जाऊन राहिला. सासऱ्याकडून बुचाची शीट आणन. उद्या दुपारलोक कोणी मोटारीले हात लावला तं मी जेवाले वाढणार नाही."

आमच्या घरात एवढी मोठी धमकी दुसरी नव्हती. हे संध्याकाळच्या यष्टीने निघाले. यष्टीत लोंबकळतच गेले असणार, पण जावयाने लोंबकळलेलं चालतं.

रविवारी दुपारी ह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली शीट आणली आणि बापाचा निरोपही. "म्हणाले, आवळू नका जास्त. बोटानं बसवा, मंग अर्धा फेर. बस." एवढं सांगून हे झोपले. त्यांनी आपल्या वाट्याची मोटार ढकलली होती.

आत्याबाईंनी बाहेर जाऊन टॅपेट कव्हर उचललं आणि स्वयंपाकघरात आणून ठेवलं. कोणाला विचारलं नाही. त्यातले मुंगळे आधी झटकले, मग मी ते राखेने घासलं, गूळ खरवडला, चुना खरवडला, चिकटलेली ट्यूब सुरीने सोलली. पाट्यावर पालथं ठेवलं तर डुगडुगत होतं. पाटा म्हणजे घरातली सगळ्यात सपाट वस्तू. मी त्यावर ती टोपी ठेवून लाकडी बत्त्याने कडा हळूहळू ठोकत गेले, खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत. तास गेला. पुढे पंधरा दिवस आमच्या चटणीला इंजिन ऑइलचा वास येत होता आणि भासरे ती पोळीबरोबर गपगुमान खात होते.

शीट पाण्यात भिजवली, नाहीतर बूच कापताना तडकतं. कापायला कातर कुठली? आत्याबाई शेजारणीकडून बिड्यांच्या पानाची कातर मागून आल्या. त्या कातरीला काही तोड नाही. लहान, धारदार, वळणावर अलगद फिरणारी. टोपीच्या कडेला तेलाचं बोट फिरवलं, ती शीटवर टेकवली, छाप उमटला, आणि मी छापावरून कापत गेले. आत्याबाई समोर बसून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोरी, तुहा हात कसा चालते वं!" तीन वर्षांत मला त्या घरात मिळालेली ती पहिली शाबासकी. पुरणपोळीला मिळाली नव्हती. खरं म्हणजे माझी पुरणपोळी तशीच होती.

टोपीच्या बाजूला कपड्याचा साबण ओला करून चोळला, पट्टी सरकू नये म्हणून. खालच्या बाजूला काही नाही. मग बसवायची वेळ आली, आणि मोटार तर ओसरीसमोर, बाप्यांच्या राज्यात. मी दाराआड, आत्याबाई मोटारीपाशी, पाना भासऱ्यांच्या हातात.

मी आतून, "आधी दोन्ही नट बोटानं."

आत्याबाई, "बोटानं म्हंते. नळी ठेव खाली."

"आता एकीकडचा थोडा, मग दुसरीकडचा थोडा. सारखा दाब आला पाहिजे."

"सारखा आवळ. पोळी लाटल्यावानी. तुले काय मालूम पोळी, तू खातच आला."

"बस. आता थांबा म्हणावं."

"थांब."

"आई, हे तं ढिल्लंच आहे अजून," भासरे म्हणाले.

"थांब म्हटलं ना!"

भासरे थांबले. इंजिन तासभर चालवलं. दिवस मावळायच्या आत मामाजी शेतावरून आले, त्यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. कोरडं. मग आत्याबाईंना म्हणाले, "बरं आहे म्हणा."

मी दाराआड दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला, हसू बाहेर फुटू नये म्हणून.

सोमवार उजाडला. मला नवी साडी, माझ्या ट्रंकेला दोरी, मोटारीला झेंडूचा हार. चाकांखाली लिंबं. गाव जमलेलं, कारण मोटार गळते की नाही याच्यावर पारावर रात्री बरीच चर्चा झाली होती. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, पदर कपाळाखाली. हे माझ्या शेजारी. इंजिन सुरू होतं, बोनेट उघडं, भासरे पाणी बघत होते. आत्याबाई पलीकडे बायकांच्या घोळक्यात.

आणि मामाजी पुढे आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात पाना. पान्याला नळी.

आमच्या घरात कुठल्याही कामाला शेवटचा हात मामाजींचा. धानाच्या पुंजण्यावर शेवटची पेंढी तेच ठेवणार, बैलगाडीच्या दोराला शेवटची गाठ तेच मारणार. दुसऱ्याने कितीही घट्ट मारली असली तरी मामाजी येऊन एकदा 'हं' करून ओढत, तेव्हा ते काम झालं म्हणायचं. रविवारी ते शेतावर होते. त्यांचा शेवटचा हात राहिला होता. ते त्यासाठीच आले होते, मनात काही वाईट नव्हतं, उलट माझ्या प्रवासाला यश यावं म्हणूनच. खिडकीतून मान काढून मी बघत होते. त्यांनी पाना नटावर ठेवला. नळीवर दोन्ही हात. पाय बंपरवर, त्या वाकड्या.

एक पीळ. एकच, की पत्रा पुन्हा वाकणार, बूच चिरडणार, तेल सात मैलांवर नळावर उतरणार, धूर, आणि दहा वाजता आम्ही कुठल्यातरी बाभळीखाली उभे. आत्याबाई लांब होत्या. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे हाराकडे बघत होते. कोणाच्या कानात सांगू? कोण जाऊन सांगणार?

"मामाजी! हात काढा!"

एवढ्या मोठ्याने की इंजिनावरून ऐकू गेलं. पारावरच्यांना ऐकू गेलं. मला वाटतं पवनीला ऐकू गेलं असेल.

भासऱ्यांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच तिरपं. ह्यांनी माझा हात धरला, तो मला थांबवायला की स्वतःला सावरायला, मला आजही माहीत नाही. नोकरी तर गेलीच, आता घरही गेलं, असं वाटलं.

मामाजी पान्यावर हात ठेवून तसेच उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि आत्याबाईंना विचारलं, "काय म्हंते ते?"

आत्याबाई म्हणाल्या, "मले काय इचारता? तिले तोंड आहे, तुमाले कान आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मोटारीकडे बघत होत्या.

मग मामाजी, अजून माझ्याकडे न बघता, बोनेटला विचारल्यासारखं म्हणाले, "काहून?"

"पत्रा वाकते, मामाजी. काल पाट्यावर सरळ केला. आता आवळला तं पुन्हा गळते. आपण भंडाऱ्याले पोचत नाही."

त्यांनी पाना काढला. पान्याकडे पाहिलं. मग एखाद्या लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "मंग माहा हात?"

"नुसता ठेवा टोपीवर. आवळू नका."

मामाजींनी तळहात टॅपेट कव्हरवर ठेवला आणि 'हाय हाय' करत उचलला. "गरम आहे ना बे!" ते भासऱ्यांवर खेकसले, जणू इंजिन भासऱ्यांनी तापवलं होतं. पार हसला, बायका हसल्या, हे हसले. मी पदरात हसले आणि रडलेसुद्धा. बोनेट आपटलं आणि मोटार निघाली.

वाटभर धूर नव्हता. मी दर मैलाला नाकाने हुंगत होते. साडेनऊला आम्ही भंडाऱ्याला पोचलो, एक्सचेंजच्या दारात. मी ट्रंक घेऊन उतरले, तेव्हा मामाजी ह्यांना म्हणाले, "तिले सांग, शनवारी घ्याले येतो." मी दोन हात अंतरावर उभी होते. ह्यांनी मला सांगितलं. मी वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन हजेरीपत्रकावर सही केली, दहाला दहा मिनिटं कमी असताना. नखांत तेल होतं. तिथल्या बाईंनी विचारलं, हे काय, तर मी म्हटलं मेंदी. दुपारपर्यंत मी इतकं बोलले की शेजारच्या बाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, जरा श्वास घ्या.

शनिवारी मोटार घ्यायला आली, कोरडी. घरी पोचले, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं आता बोलणी बसणार, पारासमोर सासऱ्यावर ओरडल्याची. म्हणून मीच आधी सुरू केलं, "आत्याबाई, सोमवारी चुकलंच माझं. पण तेव्हा मधात बोलायला कोणी नव्हतं ना."

त्यांनी ताटातून खडा काढला, बाजूला ठेवला.

"माह्या येळेसई कोणी नोयतं," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. त्या निवडतच राहिल्या.

"माहे सासरे. लय चांगला माणूस. धान कापणीचे दिवस, सारे वावरात गेले होते. घरी बुढा खाटेवर आणि मी. बुढा माह्याकडे पाऊन राहिला होता, काहीतरी पायजे होतं त्याले. मी इचारन कशी? सोळा वर्सं एक शब्द बोलली नोयती. मधात बोलाले कोणी पायजे म्हणून शेजारणीले बलवाले धावली. तिचं दार वाजवलं, तिले घेऊन आली." त्यांनी ताट हलवलं, तांदूळ एका कडेला केले. "आली तं बुढा गेला होता."

चुलीत लाकूड सरकलं, ते त्यांनी आत ढकललं.

"पाणीच मागून राहिला असन," आत्याबाई म्हणाल्या. "माठ तं माह्या हाताजवळच होता."

आठवडाभर मी अख्ख्या जिल्ह्याची बोलणी जोडून आले होते. मी खाली बसले, ताटाची दुसरी बाजू ओढली आणि खडे काढायला लागले.